न्यूट्रोपेनिक सेप्सिस: सलाईनमधून गोळ्यांवर कधी यायचं, आणि गोळी लागतेच का?

न्यूट्रोपेनिक सेप्सिस म्हणजे केमोने रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या (न्यूट्रोपेनिया) असताना इन्फेक्शन होऊन ताप येणं. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये ४६ वर्षांच्या बाई आहेत, ब्रेस्ट कॅन्सर, एसी रेजिमेनची (दोन औषधांच्या केमोची) तिसरी सायकल होऊन आज तेरावा दिवस. अकराव्या दिवशी घरी १०१.६ ताप आला म्हणून रात्री आल्या, तेव्हा टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) ८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे एएनसी (न्यूट्रोफिलचा नेमका आकडा) १६०. तुम्ही तासाभराच्या आत कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घेऊन पिपटाझ (शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक) ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलंत (हे अगदी बरोबर केलंत), आता ४४ तास झालेत, शेवटचे २० तास ताप नाही, बीपी ठीक, कल्चर अजून निगेटिव्ह, आजचा एएनसी साधारण ३०० आणि नातेवाईक म्हणतायत डॉक्टर गोळ्या लिहून द्या, आम्ही घरी बदलापूरला जातो. मग आता कुठली गोळी आणि किती दिवस, असं विचारलंयत.

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. हो, या बाईंना गोळ्यांवर आणता येईल, पण आत्ता या मिनिटाला नाही, ४८ तास पूर्ण होऊ द्या, कल्चरच्या लॅबला स्वतः फोन करा, पहिला ओरल (तोंडाने घ्यायचा) डोस वॉर्डात तुमच्या डोळ्यासमोर द्या आणि रात्र काढून सकाळी सोडा. आणि कुठली गोळी हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, कारण त्याच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: पेशंट खरंच लो रिस्क (बिघडण्याचा धोका कमी) आहे का, जंतू सापडलाय का आणि सापडला असेल तर तो कुठला, आणि पेशंट इथून निघून नेमकी कुठे जाणार. ही तिन्ही उत्तरं नीट मिळाली की गोळी बहुतेक वेळा आपोआप ठरते, आणि कधीकधी असंही लक्षात येतं की गोळीची गरजच नाही, अँटिबायोटिक थांबवलं तरी चालेल. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे फार कमी लोक म्हणतात म्हणून मी ते मुद्दाम वरच लिहितोय.

एक गैरसमज नातेवाईकांमध्येही असतो आणि खरं सांगायचं तर आपल्या रेसिडेंट मुलांमध्येही असतो, की सलाईनमधलं औषध स्ट्राँग आणि गोळी म्हणजे हलकं औषध. तसं नाहीये. लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी जवळजवळ ९९ टक्के रक्तात पोचते, लिनेझोलिड जवळपास पूर्ण, सिप्रो साधारण ७० टक्के. पहिल्या तासात आपण शिरेतून देतो ते दोन कारणांनी, एक म्हणजे शॉकमध्ये जाणाऱ्या पेशंटचं आतडं औषध शोषेल याची खात्री नसते आणि दुसरं म्हणजे पिपटाझ, मेरो, सेफेपाइम यांच्या तोडीची, स्युडोमोनास या धोकादायक जंतूवर चालणारी बीटालॅक्टम (पेनिसिलिनच्या मोठ्या कुटुंबातली) गोळी अस्तित्वातच नाही. म्हणजे प्रश्न रस्त्याचा कमी आणि औषधांच्या यादीचा जास्त आहे. शिरेतून बाहेर पडताना तुमच्या हातातली यादी एकदम छोटी होते, हे लक्षात ठेवून स्विच करायचा. उलट कॅन्युला ठेवण्याची पण किंमत आहे, केमोने आधीच खराब झालेल्या शिरा, फ्लेबायटिस (शिरेला सूज), वॉर्डातले रेझिस्टंट जंतू, आणि बिल. बिलाचं कारण नातेवाईक जरा ओशाळून सांगतात, पण ते खरं कारण आहे, पुढच्या पाच सायकलचे पैसे त्यांना त्याच खिशातून काढायचे असतात, तेव्हा ते ऐकून घ्या.

आता लो रिस्क म्हणजे काय. एमएएससीसी स्कोअर (न्यूट्रोपेनियातल्या तापाचा धोका मोजायचा) तुम्हाला माहीत असेलच, २००० सालापासून वापरात आहे, एकूण २६ पैकी २१ किंवा जास्त म्हणजे लो रिस्क. तुमच्या बाईंचा काढू या: सिस्टॉलिक ९० च्या वर आहे म्हणून ५, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) नाही ४, सॉलिड ट्यूमर ४, सलाईन लागेल एवढं डिहायड्रेशन नाही ३, ताप घरी असताना सुरू झाला म्हणून ३, वय ६० च्या आत २, हे झाले २१, आणि त्यात त्रास किती आहे त्याचे सौम्य असेल तर ५, मध्यम असेल तर ३. म्हणजे २४ ते २६. छान. पण हा स्कोअर आकड्यावर सोडून देऊ नका. एक तर त्यात त्रास किती हा भाग डॉक्टरच्या नजरेवर आहे, आणि रात्री दोन वाजता दमलेल्या डॉक्टरला सगळेच पेशंट बरे दिसतात किंवा सगळेच वाईट. दुसरं, न्यूट्रोपेनिया अजून किती दिवस राहणार हे त्यात कुठेच नाही. एसीनंतर काउंट साधारण १० ते १४ व्या दिवसात तळाला जातो आणि मग वर येतो, त्यामुळे तुमच्या बाईंचा १६० वरून ३०० झालेला काउंट खरोखर चढणीवर आहे असं मानायला जागा आहे. आजच्या सीबीसीमध्ये मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघा, ते न्यूट्रोफिलच्या आधी वर यायला लागतात, ते वाढलेले दिसले तर मला तरी जास्त धीर येतो. हाच १६० चा आकडा ल्युकेमियाच्या इंडक्शनमधल्या (पहिल्या जोरदार केमोमधल्या) पोराचा असता तर त्याला अजून दोन-तीन आठवडे पेशी येणार नसत्या, तिथे एमएएससीसी २४ आला तरी मी गोळ्यांचं नाव काढलं नसतं.

सॉलिड ट्यूमरमध्ये वरवर बऱ्या दिसणाऱ्या पेशंटसाठी सिस्ने म्हणून अजून एक स्कोअर आहे, २०१५ चा, स्पेनमधल्या लोकांनी केलेला. त्यात परफॉर्मन्स स्टेटस (पेशंट किती हिंडता-फिरता आहे), तापात चढलेली साखर, सीओपीडी, हृदयविकार, तोंड आलेलं असणं आणि मोनोसाइट २०० च्या खाली असणं हे मोजतात, ३ किंवा जास्त आले तर घरी पाठवायच्या आधी थांबायचं. एमएएससीसी चांगला आला तरी मी हा काढतो, कारण आपल्याकडे डायबेटिस एवढा आहे की साखरेचा मुद्दा बऱ्याचदा इथेच पकडला जातो.

किती तासांनी स्विच करायचा यावर वाद आहेत. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दोन ट्रायल आल्या, एक अमेरिकेतली आणि एक युरोपातली, दोन्हीत लो रिस्क पेशंटना सुरुवातीपासूनच सिप्रो आणि को-अमॉक्सिक्लॅव गोळ्या दिल्या आणि शिरेतल्या औषधाइतकाच रिझल्ट आला. हे सगळे जण सांगतात. पण ते पेशंट हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होते, रोज तपासले जात होते, हे सांगायचं राहून जातं. गोळ्यांवरच्या लोकांना पोटाचा त्रासही जास्त झाला होता. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी संस्था) २०१२ मध्ये लिहिलं की ४८ तास शिरेतून द्या, मग स्कोअरने लो रिस्क ठरला तर गोळ्यांवर या. पुढे तिथेच ईझी-स्विच नावाची ट्रायल झाली, १२ ते २४ तासांतच गोळ्यांवर आणलं तर चालेल का हे बघायला, पण हवे तेवढे पेशंट मिळालेच नाहीत, सव्वाशेच्या आसपास मिळाले आणि ठाम उत्तर निघालं नाही. त्यामुळे २४ तासांत स्विच करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ४८ तासांचा अजून एक फायदा म्हणजे ब्लड कल्चरमध्ये खरे जंतू असतील तर ते बहुतेक त्या वेळात मशीनवर वाजलेले असतात.

आणि ताप किती दिवसांत उतरायला हवा हे पण डोक्यात ठेवा, नाहीतर उगाच औषधं बदलली जातात. लो रिस्क सॉलिड ट्यूमरमध्ये मधला आकडा साधारण २ दिवस, ब्लड कॅन्सरमध्ये साधारण ५ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप आहे पण पेशंट बसून पेपर वाचतोय, बीपी उत्तम, तर पिपटाझचं मेरो आणि मेरोचं कोलिस्टिन करत जायची गरज नसते. फक्त तसा पेशंट गोळ्यांवर पण जात नाही, तो तिथेच राहतो.

ताप गेला म्हणजे नक्की गेला का, हे आधी बघा. ड्रग चार्ट उघडा आणि गेल्या २४ तासांत पॅरासिटामॉल किती वेळा दिलंय ते मोजा, कारण बऱ्याच ठिकाणी ते सिस्टरकडे दर सहा तासांनी लिहून ठेवलेलं असतं आणि कोणी काढत नाही. उलटीसाठी डेक्सा (स्टिरॉइड) चालू असेल तर तो पण ताप दाबतो. नातेवाईकांच्या पिशवीत डोलोची स्ट्रिप असते ती वेगळीच. मी स्विच ठरवायच्या आधी किमान एक रात्र पॅरासिटामॉलशिवाय काढायला लावतो. थर्मामीटर काखेत लावलाय की तोंडात हे पण लिहून घ्या, काखेतला आकडा कमी येतो. गुदद्वारातून टेम्परेचर घ्यायचं नाही, एनिमा आणि सपोझिटरी पण नाही, हे सिस्टरना परत सांगा.

मग पेशंटला स्वतः तपासा, फाइल वाचून ठरवू नका. टॉर्च घेऊन तोंड बघा, गालाच्या आत, जिभेखाली, पांढरे चट्टे, जखमा. जखमा असतील तर को-अमॉक्सिक्लॅव ६२५ ची ती मोठी गोळी दिवसातून तीनदा गिळणं ही शिक्षा असते, दुसऱ्या दिवशी बाई गोळ्या बंद करतात आणि कोणाला सांगत नाहीत. लाइन किंवा पोर्टची जागा दाबून बघा, कारण पेशी नसल्या की पू होत नाही, फक्त थोडं लाल आणि दुखरं असतं. पोट उजवीकडे खाली दाबा, तिथे दुखत असेल, जुलाब असतील तर टिफ्लायटिस (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज) समजून चाला आणि गोळ्यांचा विषय बंद करा. संडासच्या जागी दुखतं का हे विचारा, बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि पुरुष विचारूनही सांगत नाहीत म्हणून नुसतं बाहेरून बघून घ्या. आणि शेवटी त्यांना चहा-बिस्कीट, पोहे, इडली काय हवं ते खाताना बघा. अर्धी इडली बाजूला सारून मळमळतंय म्हणाल्या तर गोळी पोटात राहणार नाही.

कल्चरमध्ये काही वाढलं तर गणित बदलतं. स्टॅफ ऑरियस निघाला तर शिरेतूनच, इको (हृदयाची सोनोग्राफी), लाइन काढायचा विचार आणि निगेटिव्ह कल्चरपासून किमान १४ दिवस, तिथे घाई नाही. कॅन्डिडा (बुरशी) निघाला तर ती पूर्ण वेगळी ट्रीटमेंट. स्युडोमोनास निघाला तर ओरल फक्त फ्लोरोक्विनोलोन (सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिन यांचा गट) उरतं, ते पण रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्ह असेल तरच, आणि मी काउंट वर येईपर्यंत थांबतो. ई. कोलाय निघाला, लघवीतून आलेला, सेन्सिटिव्ह, पेशंट ठणठणीत, तर सेन्सिटिव्ह असलेल्या आणि चांगल्या शोषल्या जाणाऱ्या गोळीवर आणता येतं. पण ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरिमियाला (ई. कोलाय, स्युडोमोनास अशा गटाचे जंतू रक्तात असणं) ७ दिवस पुरतात असं सांगणाऱ्या ज्या मोठ्या ट्रायल सगळे कोट करतात, त्यांत न्यूट्रोपेनियाचे पेशंट घेतलेच नव्हते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा इकडे लावू नका.

आता आपल्या मुंबईतली खरी अडचण. पुस्तकात ओरल म्हणजे सिप्रो ७५० दिवसातून दोनदा आणि को-अमॉक्सिक्लॅव ६२५ तीनदा. हे पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथले ई. कोलाय आणि आपल्याकडचे ई. कोलाय वेगळे आहेत. आयसीएमआरचे दरवर्षीचे रिपोर्ट काढून बघा, आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये सापडणाऱ्या ई. कोलायपैकी बहुतांश सिप्रोला रेझिस्टंट असतात, ईएसबीएल (बरीच बीटालॅक्टम औषधं निकामी करणारं एन्झाइम) तयार करणारे पण भरपूर, त्यांच्यावर को-अमॉक्सिक्लॅवचा भरवसा नाही. म्हणजे जो जंतू सगळ्यात जास्त भीतीचा त्याच्यावरच आपल्या दोन्ही गोळ्या लंगड्या. मग तरीही आपण त्या का देतो? कारण लो रिस्क, कल्चर निगेटिव्ह, ताप उतरलेल्या पेशंटमध्ये रक्तात जिवंत ग्रॅम निगेटिव्ह असण्याची शक्यता त्या वेळेपर्यंत बरीच कमी झालेली असते, आणि पेशी वर येत असतात. गोळी तिथे राहिलेलं काम पूर्ण करायला असते, नव्याने लढाई करायला नाही. हे पटत असेल तरच स्विच करा. पेशंट अजून आजारी आहे पण बेड हवाय म्हणून सिप्रो लिहून सोडणं हे आपल्या शहरात धोक्याचं आहे.

दोन गोष्टी अजून. पेशंट आधीपासून लेव्हो प्रोफिलॅक्सिसवर (इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेल्या लेव्होफ्लॉक्सासिनवर) असेल आणि त्यावर असताना ताप आला असेल, तर परत फ्लोरोक्विनोलोन गोळी देण्यात अर्थ नाही, ती तिथे हरलेली आहे. आणि आधीच्या कल्चरमध्ये किंवा रेक्टल स्वॅबमध्ये ईएसबीएल किंवा कार्बापेनेम (मेरोचा गट) रेझिस्टंट जंतू सापडला असेल तर त्या पेशंटला नुसत्या अंदाजाने कुठलीच गोळी नको. त्याला एकतर शिरेतून पूर्ण करायचं, किंवा सगळे निकष बसत असतील तर थांबवायचं.

सेफिक्सिम आणि फॅरोपेनेमबद्दल बोलायलाच हवं कारण डिस्चार्ज कार्डावर हीच दोन सगळ्यात जास्त दिसतात. सेफिक्सिम ४०-५० टक्केच शोषलं जातं, स्टॅफवर आणि स्युडोमोनासवर काहीच काम नाही, ईएसबीएलवर पण नाही, न्यूट्रोपेनियात ते का द्यायचं मला कळत नाही. फॅरोपेनेम मेरोची गोळी म्हणून विकलं जातं, पण शोषण कमी, स्युडोमोनासवर चालत नाही, न्यूट्रोपेनियामधला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्याचा सर्रास वापर करून आपण कार्बापेनेम रेझिस्टन्सला खतपाणी घालतोय अशी काळजी आहे. मेडिकल रेप काय सांगतो ते ऐका, चहा प्या, पण या पेशंटना लिहू नका.

थांबवण्याबद्दल. युरोपच्या ईसीआयएल गाइडलाइनने ब्लड कॅन्सरच्या पेशंटसाठी सांगितलंय, की तापाचं कारण सापडलं नाही, किमान ७२ तास शिरेतून झाले, पेशंट स्थिर आहे आणि ४८ तास ताप नाही, तर काउंट काहीही असो, अँटिबायोटिक थांबवता येतं, फक्त काउंट कमी असेपर्यंत थांबवल्यानंतर २४ ते ४८ तास हॉस्पिटलमध्ये लक्ष ठेवा. २०१७ मध्ये लॅन्सेट हीमॅटॉलॉजीत हाऊ लाँग नावाची स्पॅनिश ट्रायल आली, तिथेही ताप जाऊन ७२ तास झाले आणि पेशंट बरा झाला की काउंटची वाट न बघता थांबवलं, आणि अँटिबायोटिकचे दिवस कमी झाले, पेशंटचं नुकसान झालं नाही. एवढ्या हाय रिस्क लोकांमध्ये हे चालत असेल तर आपण सॉलिड ट्यूमरच्या पेशंटला एएनसी ५०० झाल्यावर पण चौदा दिवसांचा कोर्स पुरा करा म्हणतो ते कशासाठी?

म्हणून तुमच्या बाईंचं मी असं करीन. आज ४८ तास झाले, कल्चर निगेटिव्ह असल्याचं लॅबने तोंडी सांगितलं, आणि पॅरासिटामॉलशिवाय ताप नाही, तर संध्याकाळी सिप्रो ७५० आणि को-अमॉक्सिक्लॅव ६२५ जेवणानंतर वॉर्डात. क्रिएटिनिन आधी बघा, किडनी कमी असेल तर सिप्रो कमी करावं लागेल. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असती तर को-अमॉक्सिक्लॅवच्या जागी क्लिंडामायसिन. कॅन्युला रात्रभर राहू द्या. सकाळी तपासून, सीबीसी करून सोडा. आणि सगळं मिळून ५ ते ७ दिवस, त्याआधी एएनसी ५०० च्या वर गेला आणि ४८ तास ताप नाही तर तिथेच बंद. उलट त्या अजून एक दिवस राहायला तयार असतील, बिल परवडत असेल, तर ७२ तास पिपटाझ पूर्ण करून, सगळं ठीक असेल तर काहीच गोळी न देता लक्ष ठेवणं हा पण माझ्या मते तितकाच चांगला, किंबहुना स्वच्छ मार्ग आहे. बदलापूरला जाणाऱ्या पेशंटला मी उद्याच काही न देता सोडणार नाही एवढंच.

गोळ्या लिहिल्या की त्यांच्या बाकीच्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा. ब्रेस्ट कॅन्सरच्या बाईंच्या पिशवीत कॅल्शियम असतंच, शिवाय लोह, अँटासिड जेल, तोंडासाठी सुक्रालफेट. यातलं कुठलंही सिप्रोबरोबर घेतलं की सिप्रो आतड्यातच अडकून बसतं आणि रक्तात जातच नाही. सिप्रो आधी घ्यायचं, या गोष्टी किमान दोन तासांनी, आणि त्या आधी घेतल्या असतील तर सिप्रो सहा तासांनी, नाहीतर सरळ आठवडाभर कॅल्शियम बंद ठेवा, काही बिघडत नाही. नुसत्या दुधाच्या ग्लासाबरोबर पण नको. ऑनडॅन्सेट्रॉन, फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि फ्लोरोक्विनोलोन एकत्र असतील तर ईसीजी काढून क्यूटी (हे अंतर लांबलं तर हृदयाची लय बिघडू शकते) बघा, पोटॅशियम बघा. ग्लिमेपिराइडवरच्या पेशंटची साखर एकदम खाली येऊ शकते, त्यात जेवण कमी असतं, तेव्हा ते सांगून ठेवा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर पेनिसिलिन आणि सिप्रो दोन्ही ते शरीरात साठवतात. लिनेझोलिड गोळी शोषण्यात उत्तम, पण प्लेटलेट पाडते, आधीच ४० हजार असलेल्या पेशंटला उगाच नको.

टीबीचा मुद्दा मुंबईत सोडून चालत नाही. न्यूट्रोपेनियात ताप, त्यात दोन-तीन आठवड्यांचा जुना खोकला, वजन कमी, एक्सरेवर वरच्या भागात सावली, अशा पेशंटला लेव्हो किंवा मॉक्सी देऊन घरी पाठवलं की ताप थोडा उतरतो, सगळे खूश होतात, आणि टीबी अर्धवट दबून निदान महिनाभर पुढे जातं, वर रेझिस्टन्सची भीती. आधी थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या तपासणीला) पाठवा, मग फ्लोरोक्विनोलोन. आणि जून ते ऑक्टोबरमध्ये प्रत्येक न्यूट्रोपेनिक तापाला मलेरियाची स्मिअर आणि रॅपिड, डेंग्यूचं एनएस१ ही तपासणी पहिल्याच दिवशी करा, पुराच्या पाण्यातून चालत आले असतील तर लेप्टो लक्षात घ्या. पिपटाझने मलेरिया जात नाही, आणि प्लेटलेट कमी आहेत ते केमोमुळे असं म्हणून सोडून देणं फार सोपं असतं.

आता घर. गाइडलाइनमध्ये लिहितात पेशंट हॉस्पिटलपासून एका तासाच्या किंवा ४८ किलोमीटरच्या आत हवा. आपल्याकडे किलोमीटरला काही अर्थ नाही. बदलापूर ते डोंबिवली दुपारी लोकलने सहज होतं, रात्री लोकल बंद झाल्यावर रिक्षा मिळेल का, गाडी कोणाची, कोण चालवणार, हे विचारा. पावसाळा असेल तर जास्तच विचारा, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती तो भाग हाच. त्या दिवसांत पाऊस जोरात असेल तर एक दिवस जास्त ठेवून घ्या किंवा डोंबिवलीतच नातेवाईकाकडे राहायला सांगा. परळला टाटामध्ये ट्रीटमेंट घेणारे बाहेरगावचे पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, काही तर फुटपाथवर, त्यांच्यासाठी अंतर कमी असतं पण स्वच्छ पाणी, संडास, रात्री जागं राहणारं माणूस या गोष्टी नसतात, तिथे मी लो रिस्क असूनही लवकर सोडत नाही.

सोडताना हातात काय द्यायचं तर एक डिजिटल थर्मामीटर, तो त्यांच्यासमोर लावून दाखवा. मराठीत मोठ्या अक्षरात एक कागद: ताप दिवसातून चार वेळा मोजून लिहायचा, ताप मोजायच्या आधी डोलो-क्रोसिन घ्यायची नाही, १००.४ किंवा जास्त आला, थंडी वाजली, चक्कर आली, धाप लागली, गोळी दोनदा उलटली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता यायचं. ताप नसतानाही पेशंट गळून गेला, नुसता झोपून राहतोय, तरी यायचं, कारण सेप्सिसमध्ये कधीकधी अंग गार पडतं. फोन नंबर असा द्या जो रात्री कोणीतरी उचलतो. आणि हे सगळं नवऱ्याला सांगून थांबू नका, दिवसभर घरी कोण असतं तिला सांगा, बऱ्याचदा ती सून किंवा शाळेतली मुलगी असते.

गोळ्यांवर कोणाला आणायचंच नाही ते पटकन लिहितो: ल्युकेमिया इंडक्शन, ट्रान्सप्लांट, न्यूमोनिया, बीपीसाठी औषध लागलेला, गिळता न येणारा, जुलाब-उलट्या थांबत नसलेला, मनाने गोंधळलेला, घरी एकटा राहणारा. यात काउंट किती आहे हे बघायची पण गरज नाही.

सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून फोन जायला हवा, त्यांच्याकडून येईल म्हणून बसू नका. ४८ तासांनी बोलवून तपासणी आणि सीबीसी. पुढची सायकल देताना जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) आधीच द्यायचं ठरवा, या तापात ते द्यायची मात्र गरज नव्हती, तुम्ही दिलं नाहीत ते ठीकच केलंत. राहिला कल्चरचा फायनल रिपोर्ट. बाटली मशीनमध्ये पाच दिवस असते आणि बाई तिसऱ्या दिवशी घरी गेलेल्या असतात, मग चौथ्या दिवशी काही वाढलं तर लॅबवाला वॉर्डात फोन करतो, वॉर्ड म्हणतो पेशंट डिस्चार्ज झाला, आणि तो रिपोर्ट तिथेच राहतो. म्हणून आजच लॅबच्या फॉर्मवर तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहा, आणि डिस्चार्ज कार्डावर फायनल कल्चर बाकी आहे असं तारखेसकट लिहून त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला त्याचा फोटो पाठवा.